ग्रेलिंगसाठी फ्लाय कशी निवडायची: आधी वजन, मग साइझ, रंग सगळ्यात शेवटी

माझा भाचा मास्टर्स करायला साउदॅम्प्टनला गेला. निघायच्या आदल्या आठवड्यात दादरला घरी आला, टेबलावर माझे फ्लायचे डबे उघडे पडले होते ते बघितले आणि म्हणाला, "मामा, मला ग्रेलिंगला चालतील अशा दहा फ्लाय दे ना, बाकी मी बघतो." ग्रेलिंग हा तिथल्या नद्यांतला मासा, आणि फ्लाय म्हणजे तो धरायला गळावर लोकर, तार, पिसं बांधून केलेला खोटा किडा. दहा दिल्या मी त्याला. पण नुसत्या फ्लाय देऊन काही होत नाही, कुठली कधी बांधायची ते कळायला लागतं, म्हणून त्याला जे रात्री बसून समजावलं तेच इथे सविस्तर लिहितोय. मुंबईहून दरवर्षी कितीतरी जण शिकायला नाहीतर प्रोजेक्टवर इंग्लंडला जातात, त्यातल्या कोणाला नदीवर गरवायची आवड असेल तर त्याचे सुरुवातीचे महिने तरी वाया जाऊ नयेत.

माझे गेले होते. लीड्सला प्रोजेक्टवर असताना मी चाळीसेक फ्लाय विकत घेतल्या, सगळ्या दिसायला एकापेक्षा एक, आणि व्हार्फ नदीवर लागोपाठ चार रविवार रिकाम्या हाताने परत आलो. पाचव्या रविवारी काठावरच्या एका म्हाताऱ्या आजोबांनी माझी फ्लाय मागितली. तिचा रंग, पिसं वगैरे काही बघितलं नाही, नुसती तळहातावर दोनदा उडवली आणि म्हणाले हलकी आहे. त्यांनी दिलेली निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडून वाहणारी फ्लाय, दिसायला अगदी साधी, मळकट गुलाबी लोकरीची, पण हातावर ठेवली की वजन कळत होतं. तिसऱ्या की चौथ्या फेकीला पहिला ग्रेलिंग लागला. तेव्हापासून माझा क्रम तोच आहे, आधी वजन, मग साइझ, रंग सगळ्यात शेवटी. दुकानात मात्र आपण बरोब्बर उलटं करतो, आधी रंग बघतो.

आधी मासा समजून घ्या, म्हणजे असं का ते कळेल. ग्रेलिंग हा ट्राउट आणि सामनच्याच कुळातला. पाठीवर मोठा शिडासारखा पर, अंगावर चंदेरी-जांभळी झाक. त्याचं शास्त्रीय नाव थायमॅलस, कारण ताज्या माशाला थाइमच्या पाल्यासारखा वास येतो म्हणतात. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे त्याचं तोंड. ते लहान असतं आणि किंचित खालच्या बाजूला वळलेलं असतं, म्हणजे हा मुळात तळाशी चरणारा मासा. वर येऊन माश्या खातो, आवडीने खातो, पण राहतो तळाला, आणि एकटा नाही तर घोळक्याने. एक मिळाला की जागा सोडू नका, तिथे अजून असतात.

सीझनचं पण सांगतो. इंग्लंड-वेल्सच्या नद्यांवर ग्रेलिंग १६ जून ते १४ मार्चपर्यंत धरता येतो. ट्राउटचा सीझन बहुतेक ठिकाणी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात संपतो आणि मग थंडीभर नदी ग्रेलिंगवाल्यांची. दक्षिणेतल्या टेस्ट, इचेनसारख्या महागड्या नद्यांवर सुद्धा हिवाळ्यात ग्रेलिंगचं दिवसाचं तिकीट त्या मानाने परवडतं. वय १३ किंवा वर असेल तर रॉड लायसन्स, म्हणजे गळाने मासे धरायचा परवाना, लागतंच, आणि ते असलं तरी त्या पाण्याच्या मालकाची किंवा क्लबची परवानगी वेगळी घ्यावी लागते, या दोन गोष्टी एकच समजू नका.

आता पहिली पायरी, आणि ती डबा उघडण्याच्या आधीची आहे. काठावर पाच मिनिटं उभं राहा आणि पाणी बघा. किती खोल, किती वेगाने चाललंय, आणि वर काही वलयं उठतायत का. ग्रेलिंगला गुडघा ते कंबरभर पाणी, तळाला बारीक खडी आणि माणूस शेजारून चालत जाईल अशा चालीची धार आवडते. अगदी उसळत्या खळाळात तो कमी, साचलेल्या मृत पाण्यात पण कमी. जसजशी थंडी वाढते तसे घोळके खोल डोहांकडे आणि संथ धारेकडे सरकतात, म्हणजे ऑक्टोबरात जिथे मासे होते तिथे जानेवारीत नसतील, पन्नास पावलं खाली जाऊन डोहाच्या शेपटाला शोधा.

वलयं उठत नसतील, आणि थंडीत बहुतेक वेळा नसतातच, तर निम्फ बांधायची. इथे वजनाचा खेळ सुरू होतो.

पाणी वर जोरात वाहतं आणि तळाशी दगडांना घासून हळू वाहतं. हलकी निम्फ वरच्या जोरकस थरातच राहते आणि माशाच्या डोक्यावरून पळून जाते, त्याला ती दिसली तरी हिवाळ्यात तो एवढा खटाटोप करत नाही. निम्फ त्या हळू थरात गेली पाहिजे. त्यासाठी टंगस्टनचा मणी लागतो. टंगस्टनची घनता १९.३, पितळेची साधारण ८.५, म्हणजे त्याच आकाराचा मणी दुपटीहून जड. आणि एक हिशोब लक्षात ठेवा, मण्याचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं. २ मिमीच्या मण्यापेक्षा ४ मिमीचा मणी आठपट जड, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा फरक सुद्धा पाण्यात चांगलाच जाणवतो. माझ्याकडे एकच निम्फ २, २.५, ३ आणि ३.५ मिमी अशा चार वजनांत असते आणि प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा शेवटी गुंडाळलेला असतो, म्हणजे थंडीत बोटं बधिर झाली तरी बघून कळतं कुठली कितीची.

अंदाज म्हणून सांगतो, गुडघाभर संथ पाण्याला २ ते २.५ मिमी, मांडीभर चालत्या धारेला ३, कंबरभर जोरदार धारेला ३.५ किंवा ४. पण हा नुसता अंदाज आहे, खरं उत्तर नदी देते. चार-पाच वेळा निम्फ सोडा. एकदाही तळाला टेकल्याचं जाणवलं नाही तर हलकी आहे, मणी वाढवा. दरवेळी अडकतेय तर जड आहे, कमी करा. तीन-चार फेकींत एखादी हलकीशी ठेच लागली तर बरोबर. आणि ती ठेच दगडाची की माशाची हे सुरुवातीला कळत नाही, म्हणून प्रत्येक ठेचेला मनगट उचला, जोरात नाही, नुसतं उचला. ग्रेलिंग खूप हळू घेतो, दोर क्षणभर थांबल्यासारखा वाटतो इतकंच.

दोन निम्फ एकत्र बांधल्या तर अजून सोपं. जड निम्फ टोकाला, आणि तिच्या वर साधारण ५० सेंटीमीटरवर मुख्य दोरातून फांदीसारख्या फुटलेल्या दोराच्या छोट्या तुकड्यावर हलकी. जड असते ती हलकीला खाली नेते. कितीतरी वेळा मासा हलकीलाच लागतो, जड फक्त लिफ्टचं काम करते. तंगूस बारीक ठेवा, ०.१२ ते ०.१४ मिमी, कारण जाड दोर पाणी धरतो आणि निम्फला वर ओढतो, म्हणजे मण्याचं कमावलेलं वजन दोरात घालवल्यासारखं होतं. हे माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला.

वजन जमलं की साइझ. तोंड लहान आहे हे वर सांगितलंच. १४ आणि १६ नंबरचे गळ बहुतेक कामं करतात, जड निम्फ १२ वर, पाणी आरशासारखं स्वच्छ आणि कमी असेल तर १८. नंबर वाढला की गळ लहान होतो हे नवीन माणसाला उलटं वाटतं. गळ बिनकाट्याचे घ्या, किंवा टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. निम्फसाठी जिग गळ मिळतो, मान वाकडी असलेला, त्यात खाच पाडलेला मणी बसतो आणि गळाचं टोक पाण्यात वर राहतं, त्यामुळे तळाला अडकायचं प्रमाण खूप कमी होतं. पैसे घालायचे असतील तर यावर घाला.

आता रंग. रंगाला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही, शेवटी म्हणतोय. ग्रेलिंगवाले गुलाबी, लाल, नारिंगी, जांभळा यांची शपथ घेतात आणि माझाही अनुभव तसाच आहे. मुख्य नियम पाण्याचा. व्हार्फ डोंगरातून येते, पीटच्या, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीमुळे पाऊस पडून गेला की पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. तशा पाण्यात भडक गुलाबी किंवा नारिंगी टिपका असलेली निम्फ लांबून दिसते. उलट टेस्ट, इचेन, एव्हन या चुनखडीच्या झऱ्यांच्या नद्या, पाणी काचेसारखं, तिथे मातकट, तपकिरी, फिकट गुलाबी असं दबलेलं चालतं. या नद्यांत गॅमॅरस नावाची बोटाच्या पेरापेक्षा लहान कोळंबीसारखी जात प्रचंड असते आणि ग्रेलिंग ती चरतो. काहींच्या पोटात परजीवी अळी असते, तिचा नारिंगी ठिपका पारदर्शक अंगातून बाहेर दिसतो. म्हणून झिंग्याच्या निम्फमध्ये मधोमध एक नारिंगी ठिपका टाकतात, तो उगीच शोभेचा नाही.

नावानिशी सांगायचं तर निम्फमध्ये पहिली किलर बग. विल्टशायरमध्ये एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचे रिव्हरकीपर, म्हणजे नदीची देखभाल करणारे, होते, त्यांनी ही खास ग्रेलिंगसाठीच बनवली. तेव्हा ग्रेलिंग म्हणजे ट्राउटच्या वाट्याचं खाणारा नकोसा मासा समजला जायचा आणि तो कमी करायला ही फ्लाय होती, आज त्याच माशासाठी लोक थंडीत उभे राहतात. बनवायला गळ, तार आणि लोकर, बास. सॉयर चॅडविक कंपनीची ४७७ नंबरची लोकर वापरायचे, ती कोरडी असताना साधी राखाडी-बदामी पण भिजली की गुलाबी मांसासारखी दिसायची. ती लोकर केव्हाच बंद झाली. पण यातून धडा घ्यायचा तो असा की लोकर कोरडी बघून कधीच घ्यायची नाही, ओली करून बघायची. दुसरी फेझंट टेल, फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाची, ती पण सॉयर यांचीच, दोऱ्याऐवजी तांब्याच्या तारेनेच बांधलेली, म्हणजे वजन आणि रंग दोन्ही एकातच. तिसरी हेअर्स इअर सोनेरी मण्याची, सशाच्या केसांची, ही कशासारखीच नाही आणि सगळ्यासारखी दिसते, कॅडिस नावाच्या पाणकिड्याची अळी म्हणा, झिंगा म्हणा. चौथी पर्डिगॉन, स्पॅनिश पद्धतीची, गुळगुळीत रेझिनचा थर दिलेली, पिसं-केस काही नाही म्हणून दगडासारखी खाली जाते. जोरदार धारेत माझा भरवसा हिच्यावर.

पाण्यावर वलयं दिसली तर मात्र ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, आणि खरं सांगतो, कडाक्याच्या थंडीत दुपारी बारा ते दोनच्या मधे ऊन पडतं, बारीक माश्या निघतात आणि तळातला ग्रेलिंग सरळ उभा वर येऊन टिपतो, तो क्षण बघायला मी परत विमानाचं तिकीट काढेन.

इथे नियम बदलतो, वजनाची जागा साइझ घेते. ग्रेलिंग खोलातून वर येतो, त्याला अंतर कापायला वेळ लागतो, म्हणून फ्लाय वलयाच्या डोक्यावर टाकू नका, दीड-दोन मीटर वरच्या बाजूला टाका आणि मोकळी वाहू द्या. तो बऱ्याचदा चुकतो पण. वर येतो, फ्लायला नाक लावतो आणि परत जातो. ट्राउट असता तर बिथरला असता, ग्रेलिंग पुन्हा येतो, तीनदा-चारदा येतो. दोनदा नाकारली तर पॅटर्न बदलायच्या आधी तीच फ्लाय एक नंबर लहान बांधा. १६ नाकारली तर १८, १८ नाकारली तर २०. दहातल्या सात वेळा तेवढ्याने काम होतं, निदान माझं तरी झालंय.

ड्रायमध्ये रेड टॅग ठेवाच, लाल लोकरीची छोटी शेपटी, मोरपिसाचं अंग, तपकिरी कोंबड्याचं पीस, जुन्या काळापासूनची ग्रेलिंगची फ्लाय. क्लिंकहॅमर, हॉलंडच्या हान्स व्हॅन क्लिंकेन यांनी १९८४ मध्ये नॉर्वेच्या ग्लोमा नदीवर ग्रेलिंगसाठीच केली, तिचं पोट पाण्याखाली लोंबतं आणि वरचं पांढरं तुऱ्यासारखं पीस आपल्याला दिसतं, म्हणून नजर कमी असलेल्यांना पण सोयीची. तिच्या गळाला दोर बांधून खाली अर्धा मीटरवर हलकी निम्फ सोडली तर गुडघाभर पाण्यात दोन्हीकडे मासा लागतो. ग्रिफिथ्स नॅट, १८ ते २०, हिवाळ्यातल्या बारीक चिलटांसाठी. आणि एफ फ्लाय, स्लोव्हेनियाच्या मार्यान फ्राटनिक यांची, बदकाच्या शेपटीजवळच्या तेलग्रंथीभोवतीच्या पिसांची. या पिसांना जेलसारखं तरंगतं ठेवायचं औषध लावू नका, चिकटून बसतात, नुसती फुंकर मारून कोरडी करा.

तिसरा एक प्रकार यॉर्कशायरचा, स्पायडर. मऊ पिसाच्या दोन फेऱ्या आणि रेशमी दोरा, एवढंच. पार्ट्रिज अँड ऑरेंज, स्नाइप अँड पर्पल. ऑक्टोबरात, मासे मधल्या थरात चरत असतील, वलय दिसतं पण माशी दिसत नाही तेव्हा या लावा. आडवी फेक, दोर सैल ठेवायचा आणि धारेबरोबर वाहू द्यायचं. मी यांच्याकडे कमी वळतो, पण ज्या दिवशी चालतात त्या दिवशी दुसरं काही चालत नाही.

आता मुंबईत बसून यातलं काय बनवता येतं. किलर बगची तांब्याची तार लोहार चाळीत मिळते, मोटर वाइंडिंगची, ३८ गेज मागा, म्हणजे साधारण ०.१५ मिमी. लोकर कुठल्याही लोकरीच्या दुकानात, बदामी, फिकट गुलाबी, अबोली असे तीन-चार शेड घ्या, बरोबर पाण्याची छोटी बाटली न्या आणि दुकानदाराला विचारून टोक भिजवून बघा. माझा दुकानदार आता स्वतःच वाटीत पाणी आणून देतो. चमकदार फेऱ्यांसाठी भुलेश्वरला जरीचा बारीक धागा, वरून नेलपॉलिशचा पारदर्शक थर द्या नाहीतर धागा काळा पडतो. टंगस्टनचे मणी आणि जिग गळ मात्र ऑनलाइनच मागवावे लागतात, बाजारात मणी म्हणून मिळतात ते पितळेचे नाहीतर काचेचे.

आणि बनवल्या की बादली. उंच बादली पाण्याने भरा आणि दोन निम्फ एकाच वेळी सोडा, कुठली आधी तळाला जाते ते बघा. माझ्या गॅलरीत मी असा पूर्ण डबा लावून घेतला, हळू ते जलद. लोकर जाड गुंडाळलेली किलर बग ३ मिमीचा मणी असून सडपातळ २.५ मिमीच्या पर्डिगॉनच्या मागे राहिली, हे बादलीनेच दाखवलं. म्हणजे नुसता मणी बघून चालत नाही, अंग बारीक ठेवा. लोकर भिजवून मगच सोडा, कोरड्या लोकरीत हवा असते, ती खोटं सांगते.

पिसांच्या बाबतीत मात्र जपून. मोर आपला राष्ट्रीय पक्षी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गळून पडलेल्या मोरपिसांचा देशातला व्यवहार चालतो पण ती देशाबाहेर न्यायला बंदी आहे, म्हणजे इथे बांधलेली मोरपिसाची रेड टॅग बॅगेत घालून न्यायची नाही. तितर, रानकोंबडा यांच्या पिसांच्या नादालाही लागू नका, ते संरक्षित पक्षी आहेत. भाच्याला मी सरळ सांगितलं, लोकर-तारेच्या इथून ने, पिसांच्या सगळ्या तिथे घे.

त्याला दिलेल्या दहा अशा होत्या: किलर बग चार, मणी २, २.५, ३, ३.५, गळ १४ आणि १२. गुलाबी लोकरीच्या दोन, गढूळ पाण्यासाठी. सडपातळ रेझिनवाल्या पर्डिगॉन तीन, त्यातली एक ४ मिमीची. आणि नारिंगी ठिपक्याचा झिंगा एक. यादी त्याच्या फोनमध्ये, तिथे गेल्यावर घ्यायच्या: रेड टॅग १६, क्लिंकहॅमर १६, ग्रिफिथ्स नॅट १८ आणि २०, एफ फ्लाय १८, पार्ट्रिज अँड ऑरेंज १४, प्रत्येकी दोन. नदीवर गेलं की त्या त्या ठिकाणच्या दुकानात किंवा कीपरला "आत्ता काय चालतंय" हे विचार म्हणालो, लाजू नकोस, ते लोक मनापासून सांगतात.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला. "मामा, दोन तास झाले, काहीच नाही, गुलाबी लावू का?" मी विचारलं तळाला टेकतेय का. नाही म्हणाला. मग गुलाबी नको, ३.५ लाव. वीस मिनिटांनी फोटो आला, पाठीवरचा पर उघडलेला, मासा पाण्यातच धरलेला.

पाण्यातच धरलेला हे महत्त्वाचं आहे. ग्रेलिंग जोर लावून थकतो आणि सोडल्यावर पोट वर करून वाहून जाऊ शकतो. हात आधी ओला करायचा, मासा जाळीतच ठेवायचा, गळ काढायचा, मग धारेकडे तोंड करून दोन्ही हातांत हलकेच धरायचं, स्वतःहून शेपूट मारून निघेपर्यंत. मिनिट लागो नाहीतर चार मिनिटं. आणि थंडीत खडीवर कुठे पाय टाकतोय ते बघा, नोव्हेंबर-डिसेंबरात ट्राउट खडी उकरून अंडी घालतात, ती उकरलेली खडी आजूबाजूपेक्षा उजळ दिसते, तिच्यावरून चालायचं नाही.

घरी आलात की बूट, जाळी धुऊन पूर्ण वाळवा, एका नदीतलं दुसऱ्या नदीत जाऊ नये म्हणून. फ्लायचा डबा रात्रभर उघडा ठेवा. मुंबईत आणलात तर डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि पावसाळ्यात दर महिन्याला त्या बदला, इथल्या दमट हवेत बारीक गळाचं टोक बाहेरून चकचकीत दिसत असतानाच गंजून मोडतं, म्हणून सप्टेंबरात निघायच्या आधी प्रत्येक गळ नखावर घासून बघा, घसरला तर बाजूला काढा.